टीव्हीवर ‘सिग्नल नाही’, संगणक मात्र चालूच: लिनक्सवर नेमके कुठे पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या घरी हॉलमधल्या ४३ इंची फोर-के अँड्रॉइड टीव्हीला आपण लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची एक प्रणाली) असलेला एक छोटा संगणक एचडीएमआय केबलने जोडला आहे. संगणक सुरू करताना मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसते, मिंटचे चिन्ह क्षणभर चमकते, आणि मग टीव्ही ‘सिग्नल नाही’ असे दाखवून काळा पडतो. केबल काढून पुन्हा खोचली तर कधी चित्र येते, कधी येत नाही. आणि आले तरी रात्री टीव्ही बंद करून सकाळी लावला की पुन्हा तीच गत. मेहुण्यांचा विंडोजचा लॅपटॉप त्याच केबलवर व्यवस्थित चालतो. दुरुस्तीवाल्याने मात्र ‘ग्राफिक्स गेले असणार, नाहीतर विंडोज टाकून बघा’ असा सल्ला दिला आहे.

दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवावेत. मदरबोर्डचे चिन्ह ज्या चिपमधून, ज्या पोर्टमधून आणि ज्या केबलमधून टीव्हीपर्यंत पोहोचते, त्याच वाटेने लिनक्सचे चित्रही जाते. चिन्ह दिसत असेल तर ती वाट तुटलेली नाही. लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्सची चिप चालवणारा सॉफ्टवेअरचा भाग, ताबा घेतो त्या क्षणी चित्र जाते, म्हणजे ड्रायव्हर जे पाठवू लागतो ते टीव्हीला घेता येत नाही, किंवा समोर टीव्ही आहे हेच ड्रायव्हरला त्या क्षणी समजत नाही. आपला प्रश्न या दोहोंपैकी कोणते घडते आहे हा आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत काहीही विकत घेऊ नये की काही नव्याने इन्स्टॉल करू नये. शाळा, दवाखाने आणि सोसायट्यांच्या लॉबीतल्या टीव्हींना लिनक्सची छोटी यंत्रे जोडून ती चालती ठेवणे हे माझे रोजचे काम आहे. त्यात ‘टीव्ही काळा पडला’ ही तक्रार सर्वांत जास्त वेळा येते आणि बहुतेक वेळा यंत्र बदलावे लागत नाही.

पुढे जाण्याआधी पडदा नेमका कसा काळा आहे ते पाहावे. टीव्ही स्वतःच्या अक्षरांत ‘सिग्नल नाही’ म्हणत असेल, तर त्याच्यापर्यंत ओळखता येण्याजोगे काहीच पोहोचत नाही. ‘हे रिझोल्यूशन चालत नाही’ अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर सिग्नल पोहोचतो आहे पण त्याचा प्रकार टीव्हीला मान्य नाही. हे निदान सोपे असते. काहीच संदेश नाही, पडदा काळा आहे पण मागचा प्रकाश जाणवतो, अशा वेळी टीव्हीला सिग्नल व्यवस्थित मिळत असून लिनक्सच काळे चित्र पाठवत असतो, आणि मग दोष केबलमध्ये न शोधता डेस्कटॉपच्या लॉगिनमध्ये शोधायचा. चौथी शक्यता टीव्हीच्या बिघाडाची: आवाज येतो, चित्र अजिबात नाही. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धरावी. अंधूक चित्र दिसले तर बॅकलाइट गेली आहे. आपण पहिल्या गटात मोडता, म्हणून उरलेल्या तिघांवर मी फार वेळ घालवत नाही.

आता टीव्ही आणि संगणक एकमेकांना कसे ओळखतात ते थोडे समजून घ्यावे लागेल, कारण त्याशिवाय पुढचे उपाय म्हणजे अंधारात मारलेले खडे ठरतील. एचडीएमआयच्या जोडणीत १९ पिना असतात. संगणक १८ क्रमांकाच्या पिनेवर पाच व्होल्ट देतो, टीव्ही १९ क्रमांकाच्या पिनेवरून ‘मी जोडलेला आहे’ अशी खूण परत पाठवतो. हिला हॉटप्लग म्हणतात. ही खूण मिळाली की संगणक १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवरून टीव्हीची माहितीपत्रिका वाचतो. तिचे नाव ईडीआयडी. टीव्हीचा निर्माता कोण, कोणती रिझोल्यूशन चालतात, त्यांपैकी पसंतीचे कोणते, आवाज कोणत्या प्रकारचा चालतो, हे सारे तीत १२८ बाइटांच्या तुकड्यांत लिहिलेले असते. लिनक्स ही पत्रिका वाचून टीव्हीच्या पसंतीचे रिझोल्यूशन निवडतो आणि चित्र पाठवू लागतो. ही देवाणघेवाण टीव्ही पूर्ण जागा असताना झाली तर ठीक. अँड्रॉइड टीव्ही मात्र स्वतःच एक संगणक असल्यामुळे त्याला जागे व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपला संगणक सुरू झाला तर त्याला खूण मिळत नाही, किंवा खूण मिळते पण पत्रिका अर्धवट वाचली जाते.

दुसरी अडचण फोर-केची, आणि आपल्या वर्णनावरून माझा पहिला संशय हिच्यावर आहे. १०८०-पी चित्र (१९२० बाय १०८० ठिपक्यांचे) सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवण्याचा वेग, पुरतो. फोर-के सेकंदाला ३० वेळा पाठवायला २९७, आणि ६० वेळा पाठवायला ५९४ मेगाहर्ट्झ लागतात. एचडीएमआय २.० च्या नियमांनुसार सिग्नल ३४० मेगाहर्ट्झच्या वर गेला की तो स्क्रँबल करून, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने विस्कळीत करून, पाठवावा लागतो आणि ‘आता मी स्क्रँबल केलेला सिग्नल देणार आहे’ हे संगणकाने टीव्हीला त्याच १५-१६ क्रमांकाच्या पिनांवरून आधी कळवावे लागते. टीव्ही ही सूचना लक्षात ठेवतो, पण तो बंद झाला की विसरतो. सकाळी टीव्ही लावला तेव्हा संगणक रात्रभर चालूच असेल आणि मधल्या घडामोडी त्याच्या ध्यानात आल्या नसतील, तर तो पूर्वीसारखाच स्क्रँबल केलेला सिग्नल पाठवत राहतो आणि टीव्हीला त्यातले काहीच उलगडत नाही. टीव्ही म्हणतो, सिग्नल नाही. केबल काढून खोचली की सगळी ओळख नव्याने होते आणि चित्र येते. आपण सांगितलेली लक्षणे याच्याशी इतकी जुळतात की मी इतर कशाच्याही आधी हेच तपासले असते.

अर्थात हे आपल्या संगणकाच्या कुवतीवर अवलंबून आहे. इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेल्या बऱ्याच जुन्या यंत्रांत एचडीएमआय १.४ च असते. त्यांना फोर-के फक्त ३० वेळा पाठवता येते आणि स्क्रँबलिंगचा प्रश्नच उद्भवत नाही. आपले यंत्र त्या पिढीचे असेल तर पहिली शक्यता, म्हणजे अर्धवट वाचलेली पत्रिका, अधिक बळकट होते. मेहुण्यांच्या लॅपटॉपचा पुरावाही या दृष्टीने तपासून घ्यावा. तो त्या केबलवर कोणत्या रिझोल्यूशनने चालत होता? स्वतःचाच पडदा टीव्हीवर दाखवणारा लॅपटॉप बहुधा १०८०-पी पाठवतो, आणि १०८०-पी तर साधी, जुनी केबलसुद्धा निमूटपणे वाहून नेते. त्यामुळे लॅपटॉप चालला यावरून ‘केबल चांगली आहे’ हे सिद्ध होत नाही, आणि ‘लिनक्स वाईट आहे’ हे तर मुळीच नाही.

म्हणून पहिली चाचणी लिनक्सला हात न लावता करावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टला किती वेगाचा सिग्नल घेऊ द्यायचा याचा एक पर्याय असतो. सॅमसंगमध्ये तो ‘इनपुट सिग्नल प्लस’ या नावाने, एलजीमध्ये ‘डीप कलर’ असलेल्या नावाने, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ म्हणून सापडतो. स्वस्तातल्या अनेक अँड्रॉइड टीव्हींत सरळ ‘एचडीएमआय ईडीआयडी १.४ की २.०’ असेच विचारलेले असते. संगणक ज्या पोर्टला जोडला आहे त्या पोर्टसाठी हा पर्याय बंद करावा, किंवा १.४ वर आणावा. असे केले की टीव्ही आपली माहितीपत्रिकाच बदलतो आणि पूर्ण वेगाच्या फोर-केचा उल्लेख तीतून काढून टाकतो. मग संगणक बंद करून, टीव्ही आधी लावून, त्याचा मुख्य पडदा पूर्ण उघडेपर्यंत थांबून, त्यानंतर संगणक सुरू करावा. चित्र आले आणि टीव्ही बंद-चालू करूनही टिकले, तर निदान झाले: वरच्या वेगाच्या सिग्नलमध्येच गोम होती, आणि उरलेले काम केबल बदलायची की कमी रिझोल्यूशनवर समाधान मानायचे एवढेच. माझे मत विचाराल तर हॉलमध्ये सोफ्यावरून नाटके, कीर्तने आणि बातम्या बघायला १०८०-पी सेकंदाला ६० हे अगदी पुरेसे आहे. फोर-के सेकंदाला ३० ठेवले तर चित्र रेखीव दिसते, पण माऊसचा बाण अडखळत चालतो आणि घरातल्या ज्येष्ठांना त्याचाच जास्त त्रास होतो.

या चाचणीने पूर्ण फरक पडला नाही, फक्त सुरू करण्याच्या क्रमाने पडला, म्हणजे टीव्ही आधी लावला तर चित्र येते आणि नंतर लावला तर येत नाही, असे असेल तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. संगणक सुरू होताना ग्रब नावाचा जो मेनू येतो, किंवा लपवलेला असतो, त्याची थांबण्याची मुदत वाढवावी. इटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते; तीत टाइमआउटची ओळ असते, तिथे १५ लिहावे, मेनू लपवणारी टाइमआउट-स्टाइलची ओळ ‘मेनू’ अशी करावी, आणि मग सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्याचा शब्द) देऊन ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड चालवावी. एकाच स्विचबोर्डवरून टीव्ही आणि संगणक दोन्ही लावणाऱ्या घरांत एवढ्यानेच काम भागल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे, कारण टीव्हीला जागे व्हायला तेवढी उसंत मिळते.

याहून खोलात जायचे तर एक तयारी आधी करावी लागेल. पडदा काळा असताना संगणकाशी बोलण्यासाठी दुसरी खिडकी हवी. चित्र दिसत असताना मिंटमध्ये ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हे पॅकेज टाकून ठेवावे, राउटरमध्ये जाऊन संगणकाचा आयपी पत्ता टिपून घ्यावा, आणि मोबाइलवर टर्मक्ससारखे कमांड टाइप करण्याचे ॲप घेऊन त्यातून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सोयीने, संगणकात शिरून पाहावे. घरच्याच वायफायवर हे चालते. पडदा काळा पडला की लोक सरळ पॉवरचे बटण दाबून धरतात आणि आतला सगळा पुरावा पुसून टाकतात; त्याऐवजी काळ्या पडद्यामागे यंत्र काय म्हणते आहे ते मोबाइलवर वाचता आले तर निम्मे काम होते.

मोबाइलवरून आत शिरल्यावर पहिली जागा म्हणजे सिस फोल्डर, त्यात क्लास, त्यात डीआरएम. इथे प्रत्येक पोर्टसाठी एक फोल्डर असतो. आपल्याला ज्याच्या नावात ‘एचडीएमआय-ए-१’ आहे तो हवा. नावाच्या सुरुवातीला कार्ड० असेल किंवा कार्ड१. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नव्या आवृत्त्यांत कार्ड१ पुष्कळदा दिसते, त्याने गोंधळू नये. (या सर्व कमांड आणि फाइलींची नावे टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, आणि बहुतेक लहान अक्षरांत लिहायची आहेत.) त्या फोल्डरात ‘स्टेटस’ नावाची फाइल आहे, ती कॅट कमांडने वाचावी. ‘डिसकनेक्टेड’ असे आले तर हॉटप्लगची खूणच मिळालेली नाही, आणि ड्रायव्हरच्या दृष्टीने समोर टीव्ही नाही. ‘कनेक्टेड’ आले तर पुढची फाइल ‘ईडीआयडी’ पाहावी. इथे एक फसगत आहे: एलएस कमांडने या फाइलीचा आकार नेहमी शून्यच दिसतो, आत माहिती असली तरी. त्यामुळे ती कॅटने वाचून, पाइपने (उभ्या रेषेच्या चिन्हाने) डब्ल्यूसी या कमांडला ‘-सी’ पर्यायासह द्यावी, म्हणजे खरे बाइट मोजले जातात. टीव्हीसाठी साधारणपणे २५६ हा आकडा यायला हवा. काही नव्या टीव्हींत तो ३८४ किंवा ५१२ ही असतो. शून्य आले तर पत्रिका वाचताच आलेली नाही. १२८ च आले तर मूळ तुकडा मिळाला, पण टीव्हीची फोर-केची आणि आवाजाची माहिती ज्या पुढच्या तुकड्यात असते तो हरवला, असे समजावे.

कर्नलची नोंदवहीही चाळावी. ‘जर्नलसीटीएल’ ही कमांड ‘-के’ आणि ‘-बी’ या पर्यायांसह चालवली की या वेळच्या सुरुवातीपासूनच्या कर्नलच्या नोंदी दिसतात. त्यांत ईडीआयडी हा शब्द शोधावा. प्रत्येक तुकड्यातल्या १२८ बाइटांची बेरीज २५६ ने नि:शेष भाग जाईल अशी असावी लागते, आणि ती तशी नसेल तर कर्नल ‘चेकसम’ चुकल्याची तक्रार नोंदवतो. ही तक्रार दिसली की माझा हात आधी केबलकडे जातो, कारण पत्रिका वाचणाऱ्या त्या दोन बारीक तारा लांब किंवा सुमार केबलमध्ये सर्वांत आधी दगा देतात.

स्टेटस कनेक्टेड आहे, पत्रिकाही पूर्ण आहे, तरी पडदा काळाच, अशी स्थिती असेल तर डेस्कटॉप काय करतो आहे ते पाहावे. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजूनही मुख्यतः एक्स-११ या पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतो. तिच्याऐवजीच्या नव्या वेलँड यंत्रणेचे सत्र मिंटच्या २१.३ आवृत्तीपासून प्रायोगिक म्हणून दिलेले आहे, आणि ते आपण मुद्दाम निवडले नसेल तर आपण एक्स-११ वरच आहात. त्यामुळे ‘एक्सरँडआर’ ही कमांड चालते. एसएसएचमधून ती देताना आधी ‘डिस्प्ले’ हे चल, म्हणजे मोठ्या अक्षरांतले ते नाव, कोलन आणि शून्य असे ठरवून द्यावे लागते, आणि त्याच वापरकर्त्याने संगणकात लॉगिन केलेले असावे लागते. कमांडच्या उत्तरात एचडीएमआयसमोर रिझोल्यूशनांची यादी येते आणि चालू असलेल्यापुढे तारांकन असते. तारांकन कुठेच नसेल तर पोर्ट डेस्कटॉपनेच बंद ठेवला आहे. तसे असो वा नसो, याच कमांडने त्या पोर्टला १९२० बाय १०८० आणि ६० असे रिझोल्यूशन देऊन पाहावे. लगेच चित्र उमटले तर प्रश्न रिझोल्यूशनचा होता हे पुन्हा एका वाटेने सिद्ध होते. वेलँड वापरणाऱ्यांनी मात्र या कमांडवर विसंबू नये. तिथे ती यादी दाखवते, पण बदल करत नाही.

कीबोर्ड हाताशी असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबले की लिनक्स डेस्कटॉप बाजूला ठेवून साधा मजकुराचा पडदा उघडतो आणि त्यासाठी टीव्हीशी जोडणी नव्याने मांडतो. तिथे लॉगिनची ओळ दिसली आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ-७ ने डेस्कटॉपवर परतताच पुन्हा काळोख झाला, तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि डेस्कटॉपचे सेटिंग बिघडले आहे. पासवर्ड टाकेपर्यंत चित्र दिसते आणि टाकल्यावर जाते, असे असले तरी निष्कर्ष तोच. सिनॅमन आपली पडद्यांची मांडणी होम फोल्डरातल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात, ‘सिनॅमन-मॉनिटर्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत जपून ठेवतो. पूर्वी जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरची मांडणी तीत अडकून बसलेली असते. फाइल पुसू नये, नाव बदलून ठेवावे आणि पुन्हा लॉगिन करावे. डेस्कटॉप नवी फाइल आपोआप तयार करतो.

इथे ‘नोमोडसेट’बद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण शोध घेतला की पहिला उपाय म्हणून तोच पुढे येतो. ग्रबच्या मेनूत इ हे अक्षर दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द लिहून, एफ-१० दाबले की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि मदरबोर्डने मांडून दिलेल्या चित्रावरच लिनक्स चालतो. चित्र बहुधा दिसते. पण ते दिसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. रिझोल्यूशन बदलता येत नाही, व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो, आणि एक तासाचे नाटक पाहताना पंखा घुमू लागतो. आत शिरून एसएसएच बसवण्यापुरता, किंवा जुने सेटिंग उलटवण्यापुरता त्याचा उपयोग करावा आणि नंतर काढून टाकावा. मला दाखवायला आणलेल्या मंद संगणकांत कोणीतरी कायमचा लिहून ठेवलेला हा शब्द अनेकदा सापडतो. त्याच ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत जुना कर्नल निवडता येतो. आपला त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर नोमोडसेटच्या आधी तो निवडून पाहावा.

आता कायमचा उपाय. टीव्ही वेळेवर खूण देत नाही किंवा पत्रिका अधूनमधून बिघडलेली वाचली जाते, असे ठरले तर कर्नलला दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवता येतात. ग्रबच्या फाइलीत कर्नलच्या पर्यायांची ‘सीएमडीलाइन’ची ओळ असते. तीत ‘व्हिडिओ’, बरोबरचे चिन्ह, पोर्टचे नाव, कोलन, १९२०, इंग्रजी एक्स, १०८०, ॲटचे चिन्ह, ६० आणि शेवटी मोठ्या लिपीतला डी, असे मधे जागा न सोडता लिहावे. शेवटच्या डीचा अर्थ असा की खूण मिळो वा न मिळो, हा डिजिटल पोर्ट चालूच समज. पोर्टचे नाव डीआरएम फोल्डरात दिसले तसेच, पण पुढचे ‘कार्ड’ वगळून, मोठ्या अक्षरांत लिहायचे. एवढ्याने चित्र येते, पण पुष्कळदा आवाज जातो, आणि लोक मग आवाजाच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवतात. कारण साधे आहे: पत्रिका नसेल तर समोरचा टीव्ही आवाज घेतो हे ड्रायव्हरला कळायला मार्ग नाही, आणि तो केवळ चित्र पाठवतो.

म्हणून मी पत्रिकाही जोडीला देतो. ज्या दिवशी चित्र व्यवस्थित आले असेल त्या दिवशी डीआरएममधली ती ईडीआयडी फाइल नक्कल करून घ्यावी, तिची सुरुवात तपासावी (पहिल्या आठ बाइटांत दोन टोकांना शून्ये आणि मधे सहा एफएफ असावेत), आणि लिब फोल्डरातल्या फर्मवेअर फोल्डरात ‘ईडीआयडी’ नावाचा फोल्डर करून त्यात ठेवावी. मग कर्नलच्या ओळीत ‘डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर’ हा पर्याय पोर्टचे नाव आणि फाइलीचा पत्ता देऊन जोडावा. ड्रायव्हर फार लवकर जागा होत असेल तर ही फाइल इनिटरॅमएफएसमध्येही (सुरुवातीलाच मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात) घालावी लागते, नाहीतर नोंदवहीत ‘फाइल सापडली नाही’ अशा अर्थाची, उणे २ क्रमांकाची तक्रार दिसते. एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी ईडीआयडी धरून ठेवणारी छोटी एचडीएमआय डबी बाजारात मिळते. संगणक आणि केबल यांच्यामध्ये ती खोचली की संगणकाला टीव्ही सदैव जोडलेलाच वाटतो. घेताना ती चित्र पुढे जाऊ देणारी आहे ना, याची खात्री करावी, कारण नुसती बंद टोकाची डमीही तशाच दिसण्याची मिळते.

पडदा झोपवण्याचे सेटिंगही बंद करावे. काही मिनिटे हालचाल झाली नाही की मिंट पडदा बंद करतो, टीव्हीला सिग्नल नाही असे वाटते, तो स्वतः झोपतो किंवा दुसऱ्या इनपुटवर उडी मारतो, आणि जागे होण्याच्या वेळी दोघांची चुकामूक होते. पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘पडदा कधीही बंद करू नये’ असे ठेवावे आणि टीव्ही रिमोटनेच बंद करावा.

केबल आणि पोर्ट यांविषयी मुंबईपुरते काही सांगण्यासारखे आहे. भिंतीवर टीव्ही लावताना फर्निचरवाल्याने केबल कन्सिल्ड पाइपमधून नेलेली असते, ती गरजेपेक्षा लांब असते आणि कधी मधे जोडही दिलेला असतो. पाच मीटरच्या पुढे तांब्याच्या साध्या केबलवर पूर्ण वेगाचे फोर-के चालेलच असे गृहीत धरू नये. चाचणीसाठी एक-दीड मीटरची केबल घेऊन संगणक टीव्हीच्या अगदी शेजारी स्टुलावर ठेवावा आणि मगच निष्कर्ष काढावा. नवी घ्यायची तर १८ गिगाबिटांच्या प्रमाणपत्राचा ‘प्रीमियम हाय स्पीड’ शिक्का पाहून घ्यावी; लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘फोर-के’ असे छापलेली पण प्रमाणपत्र नसलेली केबल स्वस्तात मिळते आणि ती १०८०-पीला उत्तम चालते, इतकेच. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल यांनी पोर्टच्या आतल्या पट्ट्यांवर थर जमतो. सगळे बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या प्लगने आत-बाहेर केले की तो निघतो. आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर अजून जोडलेली असेल तर चाचणीच्या वेळी ती काढून ठेवावी. टीव्हीचा प्लग दोन पिनांचा, संगणकाला अर्थिंग आहे, आणि केबलवाल्याच्या वायरीतून भलताच विद्युतदाब येतो, अशा जुळणीत विजा चमकताना एचडीएमआयचे पोर्ट जळतात. त्याच कारणासाठी चालू यंत्रांत केबल काढण्या-खोचण्याची सवयही सोडावी, जरी सध्या तेवढाच उपाय चालत असला तरी.

आपल्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे, कार्डाच्या पोर्टला हवी. ते कार्ड एनव्हिडियाचे असेल तर कर्नलच्या अपडेटनंतर त्याचा ड्रायव्हर नव्याने बांधला गेला आहे का, आणि सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असल्यामुळे तो नाकारला तर जात नाही ना, हे आधी पाहावे. तिथे वरची बरीचशी चर्चा लागू होत नाही. डिस्प्लेपोर्टवरून साधे कन्व्हर्टर लावून एचडीएमआय काढले असेल तर पूर्ण वेगाच्या फोर-केसाठी ॲक्टिव्ह प्रकारचे कन्व्हर्टरच लागते.

टीव्हीचे सेटिंग १.४ वर आणूनही, आखूड केबलनेही आणि टीव्ही आधी लावूनही चित्र आले नाही, तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (संगणकात काही न बसवता मिंट चालवणाऱ्या) संगणक सुरू करून पाहावा आणि दोन्ही वेळचे स्टेटस, ईडीआयडीच्या बाइटांची संख्या, कर्नलच्या नोंदींतल्या ईडीआयडीच्या ओळी, तसेच संगणकाचे मॉडेल आणि कर्नलची आवृत्ती कळवावी. लाइव्हवरही स्टेटस सतत डिसकनेक्टेडच दाखवत असेल आणि दुसऱ्या टीव्हीवरही तसेच होत असेल, तर पोर्टची १९ क्रमांकाची पिन तपासण्यासाठी यंत्र उघडावे लागेल, आणि त्या वेळी दुरुस्तीवाल्याला ‘ग्राफिक्स बघा’ असे न सांगता ‘एचडीएमआयच्या पोर्टची हॉटप्लगची पिन आणि तिची सोल्डर बघा’ असे सांगावे.